घरच्या घरी गाडीला मॅट रंग: आधी घासणं, मग गन

मॅट गाड्या आता थेट शोरूममधूनच बाहेर पडतात. किया सेल्टॉसची एक्स-लाइन २०२१ मध्ये मॅट ग्रे रंगात आली, पुढे फोक्सवॅगन टायगुन आणि स्कोडा कुशाकच्याही मॅट आवृत्त्या निघाल्या. त्या सिग्नलला शेजारी उभ्या राहिल्या की आपली जुनी स्विफ्ट किंवा वॅगन-आर अशी दिसली तर कसं, हा विचार डोक्यात येतोच. हा लेख असा विचार करून आता हातात घासायचा कागद घ्यायला निघालेल्या, पण गन, म्हणजे रंग फवारायचं यंत्र, कधीच न धरलेल्या माणसासाठी आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, बाकी सगळं तिच्यावरच बेतलेलं आहे. चकचकीत रंगात झालेली बरीचशी गडबड नंतर वॉटर पेपर आणि रबिंग कंपाउंडने काढता येते. धूळ बसली, घासा. ओघळ आला, घासा आणि पॉलिश करा. मॅटमध्ये ही सोय नाही. शेवटचा हात जसा बसला तसाच तो राहतो. म्हणजे एरवी पेंटर जे शेवटी सुधारतो, ते तुम्हाला गन हातात घेण्याआधीच संपवावं लागतं.

मॅट दिसतं कशामुळे

शहाबादी फरशी पॉलिश केली की आरशासारखी होते आणि नुसती घासलेली राहिली की तिच्यावर उजेड पसरतो. दगड तोच, फरक पृष्ठभागाचा. गाडीचंही तसंच. खालचा रंग, म्हणजे बेस कोट, दोन्हीकडे एकच असतो. वरचा पारदर्शक लॅकर मात्र वेगळा. मॅट लॅकरमध्ये सिलिकाचे अतिशय बारीक कण मिसळलेले असतात. लॅकर सुकताना आक्रसतो, कण वर उठून दिसतात आणि पृष्ठभागावर डोळ्याला न जाणवणारा खडबडीतपणा तयार होतो. त्यावर पडलेला उजेड एका दिशेने परत न येता चहूकडे विखुरतो.

यातून दोन गोष्टी ओघाने येतात. पॉलिश केलं की हा खडबडीतपणा झिजतो आणि तेवढाच भाग चमकायला लागतो. तो परत मॅट होत नाही. दुसरं म्हणजे, कुठलाही रंग मॅट करता येतो. त्यासाठी 'मॅट रंग' शोधत फिरायची गरज नाही. शेड कार्डावरचा आवडता रंग बेसमध्ये घ्या आणि वर मॅट लॅकर मारा. पूर्ण मॅट नको असेल तर सॅटिन मिळतं. त्यात थोडी चमक राहते, आणि पहिल्यांदा करणाऱ्याच्या हातून ते जास्त एकसारखं येतं असं माझं मत आहे.

आधी आरसी, मग रंग

गाडीचा रंग आरसीवर लिहिलेला असतो. तो बदलणार असाल तर आरटीओत अर्ज करून नोंद बदलून घ्यावी लागते. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र लागतं. विमा कंपनीलाही लेखी कळवा; अपघातानंतर सर्व्हेअर समोर उभा राहिला आणि कागदावर पांढरी, प्रत्यक्षात काळी गाडी असली की वाद ठरलेलाच. हे काम रंग विकत घेण्याआधी करा.

एक रंग मात्र मनातून काढूनच टाका. थार, जिप्सी किंवा जुन्या जीपला लष्करी मॅट हिरवा द्यायची हौस अनेकांना असते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन हा रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखीव आहे. रस्त्यात अडवलं तर 'हौस म्हणून केला' हे उत्तर चालत नाही.

नवख्याने रंग निवडताना जुन्याच्या जवळपास राहावं. सिल्व्हर गाडीला मधला राखाडी द्या, गडद निळीला निळसर राखाडी. दार उघडल्यावर चौकटीत, डिकीच्या कडेला, बॉनेटखाली जुना रंग दिसतोच. लाल गाडी काळी करायची तर या सगळ्या जागा रंगवाव्या लागतात आणि काम दुपटीने वाढतं. शिवाय मेटॅलिक शेड टाळा. त्यातले चमकीचे कण गनच्या हातानुसार बसतात. हात जरा चुकला की ढगासारखे पट्टे पडतात. मॅट काळा फोटोत छान दिसतो, पण बोटांचे तेलकट ठसे सगळ्यात जास्त त्याच्यावरच उठतात.

कोणतं काम घरी आणि कोणतं नाही

यावर जरा थांबून बोलू, कारण इथे प्रश्न दिसण्याचा नाही, फुप्फुसांचा आहे.

टिकाऊ मॅट लॅकर हा दोन घटकांचा असतो: लॅकर आणि हार्डनर. या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याची फवारणी श्वासात गेली तर कायमचा दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराला त्याची ॲलर्जी झाली की पुढे अगदी थोड्या संपर्कानेही झटका येतो. त्याचा वास नीट येत नाही, त्यामुळे 'वास येत नाही म्हणजे हवा ठीक आहे' हा हिशेब इथे लागू नाही. कोविडच्या काळातला उरलेला एन-९५ मास्क घासकामाच्या धुळीला उत्तम, पण वाफेपुढे त्याचा काही उपयोग नाही. कोळशाच्या डब्यांचा, म्हणजे कार्ट्रिजचा अर्धा मास्क थिनरच्या आणि साध्या बेस कोटच्या वाफेला चालतो. हार्डनर मिसळलेल्या रंगासाठी योग्य साधन म्हणजे बाहेरून हवा पुरवणारा मास्क: छोटा ब्लोअर मोकळ्या हवेत ठेवायचा आणि त्याचा पाइप मास्कला जोडायचा. गनच्या कॉम्प्रेसरची हवा मात्र मास्कला जोडू नका. त्या हवेत तेलाचा अंश असतो.

लक्षात ठेवा, हार्डनर फक्त लॅकरमध्ये नसतो. बऱ्याच पीयू (पॉलियुरेथेन) प्रायमरांमध्येही, म्हणजे रंगाखाली द्यायच्या अस्तरांमध्येही, तो असतो. डब्यावर किंवा दुकानदाराने दिलेल्या तांत्रिक पत्रकात ते लिहिलेलं असतं.

म्हणून माझा सल्ला असा. गाडी सुटी करणं, घासणं, पुटी भरणं हे सगळं घरी करा. खरी मेहनत तिथेच आहे आणि पेंटरच्या बिलातला मोठा भाग तिचाच असतो. शेवटच्या फवारणीसाठी हवा पुरवणारा मास्क आणि मोकळी जागा असेल तरच घरी गन लावा. नसेल तर गावातल्या एखाद्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याशी बोलून त्याचा बूथ, म्हणजे फवारणीची बंद खोली, एका दिवसासाठी ठरवा आणि बेस व लॅकर तिथे मारून घ्या. यात कमीपणा काही नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना तर दुसरा पर्यायच नाही. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये फवारणी करणं म्हणजे शेजाऱ्यांच्या गाड्यांवर रंगाचा धुरळा आणि सगळ्यांच्या नाकात थिनर.

आणखी एक पर्याय सांगून ठेवतो. सोलून काढता येणारं रबरासारखं कोटिंग किंवा व्हिनाइल रॅप यानेही मॅट दिसतं आणि वर्ष-दोन वर्षांनी कंटाळा आला तर ते काढता येतं. मॅट आपल्याला खरंच आवडतं का, याचीच खात्री नसेल तर तिथूनच सुरुवात करा. रंग बदलला की आरसीची नोंद त्यालाही लागते.

जागा, हवामान आणि दिवस

महाराष्ट्रात या कामाचा हंगाम म्हणजे दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. तापमान २० ते ३० अंश आणि आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास किंवा कमी, हे बरं. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हात लावू नका. दमट हवेत थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर बाष्प धरतं आणि रंग पांढुरका पडतो. विदर्भात मे महिन्यात उलटी तऱ्हा. गनमधून निघालेला थेंब पत्र्यावर पोचेपर्यंत अर्धा सुकतो आणि भुकटीसारखा बसतो. हिवाळ्यातही नाशिक-पुण्याकडे सकाळी गाडी दवाने ओली असते, म्हणून दहा वाजल्यानंतर सुरुवात करा आणि ऊन उतरायच्या आत शेवटचा हात संपवा. संध्याकाळी दिवा लावून रंगवायचा मोह आवरा. दिव्याला येणारी प्रत्येक चिलटं मॅट लॅकरमध्ये कायमची मुक्कामाला येतात.

अंगणातली शेड असेल तर बांबू किंवा पाइपवर नवं प्लास्टिक लावून खोली करा, खालची जमीन पाणी मारून ओली ठेवा. ताडपत्री वापरू नका, तिच्या घड्यांत वर्षानुवर्षांची माती असते. वाफ बाहेर जायला एक बाजू मोकळी हवी. त्या वाटेत घरचा टेबल फॅन लावू नका, त्याच्या मोटारची ठिणगी थिनरची वाफ पेटवू शकते. त्याच कारणाने आसपास गॅस गिझर, देवापुढचा दिवा, उदबत्ती आणि विडी-सिगारेट बंद. अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवा.

सामान

छोटा, एक अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर टायरमध्ये हवा भरायला ठीक आहे. गाडी रंगवताना त्याचा दाब मध्येच पडतो आणि मॅटमध्ये तो पट्टा दिसतो. भाड्याने मोठा घ्या. निदान दोन अश्वशक्तीचा, पन्नास लिटरची टाकी असलेला, आणि त्यासोबत कमी हवा खाणारी गन. पाइप लांब ठेवा म्हणजे हवा थंड होऊन पाणी सुटतं, आणि ते पाणी अडवणारा फिल्टर गनच्या आधी बसवा. बेस आणि लॅकरला १.३ किंवा १.४ मिलिमीटरचं नोझल, प्रायमरला १.६ ते १.८.

स्विफ्टएवढ्या गाडीला फक्त बाहेरून रंगवायचं तर थिनर मिसळून तयार झालेला बेस साधारण तीन लिटर आणि हार्डनर मिसळलेला लॅकर अडीच ते तीन लिटर धरा. थोडा जास्तच घ्या. अर्ध्यात लॅकर संपला आणि दुसऱ्या बॅचचा डबा आणला तर चमक किंचित वेगळी येते आणि ती फिटत नाही. लॅकर, हार्डनर आणि थिनर एकाच कंपनीचे, एकाच पत्रकात सांगितलेले घ्या. 'हा हार्डनरपण चालतो' असं दुकानदार म्हणाला तरी मॅटमध्ये ऐकू नका. हार्डनर बदलला की मॅटपणा बदलतो.

बजेट करताना लोक फक्त रंगाचा भाव विचारतात. कागद, चांगली मास्किंग टेप, गाळण्या, हातमोजे, थिनर, ग्रीस काढायचं द्रावण हे सगळं मिळून रक्कम फुगते. स्वस्त टेप घेऊ नका. उन्हात तिचा गोंद गाडीला चिकटून राहतो आणि कडेने रंग आत शिरतो.

आणि भंगारवाल्याकडून एखादं जुनं बॉनेट आणा. गनचा पहिला हात गाडीवर पडता कामा नये.

घासणं

गाडी साबणाने धुवा आणि वाळू द्या. मग घासण्याच्या आधी ग्रीस काढणाऱ्या द्रावणाने पुसा. दोन फडकी घ्यायची: एकाने द्रावण लावायचं, ते सुकायच्या आत दुसऱ्या कोरड्याने उचलायचं. ही पुसणी आधी न केल्यास घासताना तेल आणि पॉलिश कागदाखाली दाबलं जाऊन ओरखड्यांत बसतं. डॅशबोर्ड पॉलिश आणि टायर शाइन यांत सिलिकॉन असतं. त्याचा एक थेंब जरी पत्र्यावर राहिला तरी रंग तिथून मागे सरकतो आणि गोल खड्डे पडतात. काम संपेपर्यंत या बाटल्या त्या जागेतून हलवाच.

मग जुन्या रंगाची परीक्षा. एका कोपऱ्यात थिनरमध्ये भिजवलेलं फडकं मिनिटभर धरा आणि चोळा. रंग उतरून फडक्याला लागला तर गाडी आधी कुणीतरी एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाने, म्हणजे थिनरने विरघळणाऱ्या रंगाने, रंगवलेली आहे. त्याच्यावर थेट पीयू मारलं तर खालचा थर सुरकुततो. अशा वेळी तो भाग पत्र्यापर्यंत उतरवा. कंपनीचा मूळ रंग असेल आणि फुगलेला, तडकलेला नसेल तर तो काढायचा नाही. त्याच्याइतका चांगला पाया दुसरा मिळणार नाही.

दारांची हँडल, आरसे, वायपर, अँटेना, कंपनीचं बोधचिन्ह, दारावरच्या रबरी पट्ट्या, दिवे, जे निघतं ते काढा. नुसती टेप लावून रंगवलेल्या हँडलच्या कडेला काही महिन्यांत रंग सुटायला लागतो. काढलेले स्क्रू पिशव्यांत नाव लिहून ठेवा. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट मात्र काढू नका, तिचं कुलूप एकदा तोडलं की परत बसत नाही. ती झाकून घ्या. बंपरमधले पार्किंग सेन्सर काढून ठेवा, रंगाचा जाड थर बसला की ते वेडंवाकडं बोंबलतात.

गंज. चाकाच्या कमानी, दाराच्या खालच्या कडा, डिकीचं झाकण, मागच्या नंबरपट्टीजवळचा भाग या नेहमीच्या जागा. ८० नंबरच्या, म्हणजे जाड्याभरड्या कागदाने (नंबर वाढत जातो तसा कागद बारीक होतो) चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा. टोचून पाहा, सळई आत गेली तर ते काम वेल्डरचं आहे, पुटीचं नाही. उघडा पडलेला पत्रा त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरने झाका. समुद्राजवळ राहत असाल तर रात्रभरात पुन्हा तांबूस होतो.

खड्ड्यांना पुटी. तिला हार्डनर साधारण दोन टक्के, म्हणजे लिंबाएवढ्या गोळ्याला वाटाण्याएवढा. जास्त घातला तर लवकर सुकेल खरं, पण नंतर रंगातून पिवळट डाग वर येतो. पातळ थर द्या आणि लाकडी ठोकळ्यावर कागद गुंडाळून घासा, नुसत्या हाताने नाही. बोटांचा दाब असमान पडतो आणि लाटा राहतात. पुटी नेहमी कोरडीच घासायची. ती पाणी पिते, आणि प्यायलेलं पाणी पुढच्या उन्हाळ्यात फोड होऊन बाहेर येतं.

कागदांचा क्रम साधारण असा धरा:

- पुटीला ८०, मग १८०, मग ३२०.
- शाबूत जुन्या रंगाला ३२० ते ४००.
- घासलेल्या भागावर मारलेला प्रायमर सरफेसर, म्हणजे बारीक ओरखडे भरणारा प्रायमर, सुकल्यावर ६००, पाणी लावून.

नंबर उडी मारून पुढे जाऊ नका. ८० च्या ओरखड्यावर थेट ६०० घासला तर ओरखडा जात नाही, लपतो फक्त. बेसचा थिनर उडून गेल्यावर तो परत दिसतो. मॅटमुळे छोट्या लाटा कमी दिसतात, हे खरं. त्यामुळे घासकाम ढिलं चालेल असा समज झाला आहे. ओरखड्यांच्या बाबतीत तो चुकीचा आहे. तिरप्या उन्हात मॅट बॉनेटवरचा ओरखडा हमखास दिसतो.

प्रायमरवर काळ्या भुकटीचा किंवा स्प्रे कॅनचा अगदी हलका धुरळा उडवा आणि मग घासा. काळं जिथे उरलं तिथे खड्डा आहे, प्रायमर जिथे घासून गेला तिथे उंचवटा. हाताने चाचपून जे कळत नाही ते याने कळतं. प्लास्टिकच्या बंपरला घासून झाल्यावर त्याचा स्वतंत्र प्रायमर लागतो. साधा प्रायमर तिथे पहिल्या धक्क्याला सोलतो.

इथवर आलात की थकवा येतो आणि 'आता पुरे, रंग मारू' असं वाटतं. त्या दिवशी गन काढू नका. दुसऱ्या दिवशी सकाळच्या तिरप्या उजेडात गाडीभोवती फिरा, सापडलेल्या जागांवर टेपचे तुकडे लावा आणि तेवढं पुन्हा करा.

झाकणं

काचा, चाकं, इंजिनची फट, दारांच्या फटी झाका. वर्तमानपत्र वापरू नका. शाई आणि धूळ दोन्ही सुटतात आणि थिनर आरपार जातो. मास्किंग पेपर किंवा पातळ फिल्म घ्या. काचेच्या रबराखाली जाड सुतळी सरकवली की रबर उचललं जातं आणि रंग त्याच्याखाली जातो. शेवटी हातमोजे घालून पुन्हा ग्रीस काढणारं द्रावण लावून पुसा आणि फवारणीच्या अगदी आधी चिकट फडक्याने, ज्याला पेंटर टॅक रॅग म्हणतात, हलक्या हाताने धूळ उचला. अंगावर लोकरीचा स्वेटर नको, त्याचे तंतू उडतात.

बेस कोट

बेस गाळून गनमध्ये भरा. दाब गनच्या मुठीपाशी, ट्रिगर दाबून धरलेला असताना मोजा. बहुतेक गनना दोन बारच्या आसपास पुरतो, पण गनसोबत आलेला कागद पाहा. पत्र्यापासून अंतर १५ ते २० सेंटीमीटर, एक वीत म्हणा. मनगट वळवायचं नाही, सगळा हात पत्र्याला समांतर न्यायचा. ट्रिगर पत्रा सुरू व्हायच्या आधी दाबायचा आणि संपल्यावर सोडायचा. प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा चढला पाहिजे.

पहिला हात अगदी पातळ, खालचा रंग दिसत राहिला तरी चालेल. दहा-पंधरा मिनिटं थांबा, ओलसर चमक जाऊन कोरडा दिसला की दुसरा. खालचं पूर्ण झाकेपर्यंत, सहसा दोन ते तीन हात. बेसमध्ये धूळ बसली तर ती याच टप्प्यावर काढा: पूर्ण सुकल्यावर बारीक कागदाने तेवढा कण घासा आणि त्यावर पातळ हात द्या. लॅकर पडल्यानंतर ही संधी संपते.

सुकलेला बेस स्वतःच मॅट दिसतो आणि अनेकजण इथेच टेप काढायला धावतात. तो टिकत नाही. पेट्रोलचा थेंब पडला की विरघळतो आणि उन्हात फिका पडतो.

मॅट लॅकर

डब्यात सिलिका तळाशी बसलेला असतो. रुंद पट्टीने तळ खरवडून, पाच-सात मिनिटं ढवळा. सगळे डबे एका स्वच्छ बादलीत एकत्र करून पुन्हा ढवळा, म्हणजे छप्पर आणि दार यांत फरक राहणार नाही. यात अजून हार्डनर घातलेला नाही. मग एका फेरीला लागेल तेवढाच लॅकर काढून, मापाच्या भांड्यात पत्रकातल्या प्रमाणाने हार्डनर आणि थिनर मिसळा. अंदाजाने नाही. हार्डनर मिसळल्यापासून घड्याळ सुरू होतं. पत्रकातली वेळ उलटली की उरलेला लॅकर गनमध्येच घट्ट होतो. गन मधूनमधून हलवत राहा.

कुठून कुठे जायचं ते आधी ठरवा आणि रिकामी गन हातात घेऊन गाडीभोवती एक फेरी मारून पाहा. पाइप कुठे अडकतो, छपराच्या मध्यापर्यंत हात पोचतो का, स्टूल कुठे हवं, हे तेव्हाच कळतं. साधारण क्रम: छप्पर, एक बाजू, डिकी, दुसरी बाजू, बॉनेट. छप्पर अर्धं एका बाजूने, अर्धं दुसऱ्या बाजूने रंगवावं लागतं. मधल्या जोडाचा भाग ओला असेतो दुसऱ्या बाजूला पोचा. तिथे उशीर झाला तर भुकटीचा पट्टा बसतो आणि छपरावर तो लांबूनही दिसतो. बॉनेट सुटं करून घोड्यावर, म्हणजे स्टँडवर, आडवं ठेवलं तर फार सोपं जातं.

पहिला हात मध्यम ओला. तो मारताना चमकदार दिसेल, घाबरू नका. सगळी चमक जाऊन एकसारखा मॅट होईपर्यंत थांबा. हवामानाप्रमाणे याला वीस मिनिटं किंवा अर्धा तासही लागतो. घाईने दुसरा हात मारला तर आत अडकलेला थिनर ठिकठिकाणी वेगळी चमक देतो. हाच मॅट कामातला सगळ्यात नेहमीचा दोष आहे आणि कारण फक्त अधीरपणा असतं.

दुसरा हात पहिल्याच्या काटकोनात: पहिला आडवा असेल तर दुसरा उभा, निदान बॉनेट आणि छपरावर तरी. फेरे एकमेकांवर पाऊण भाग चढू द्या. वेग एकसारखा ठेवा. एखाद्या जागी कमी पडल्यासारखं वाटलं तरी तिथे परत गन नेऊन ठिगळ लावू नका; जाड थराची चमक शेजारच्यापेक्षा वेगळी होते. किडा बसला तर बसू द्या. चिमट्याने काढायला गेलात की किड्याच्या जागी खड्डा येतो. बहुतेक मॅट लॅकरना दोनच हात सांगितलेले असतात. तिसरा 'मजबुतीसाठी' मारू नका.

टेप लॅकर हाताला चिकटेनासा झाला की काढा, पूर्ण कडक व्हायच्या आत. मागे वळवून, हळू. दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवली तर कडेचा लॅकर चिरफळ्यांसारखा उडतो.

उरलेला थिनर मोरीत किंवा गटारात ओतू नका. झाकणबंद डब्यात ठेवा आणि पेंटरच्या दुकानात त्याची विल्हेवाट कशी लावतात ते विचारून तिथेच द्या. थिनरची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, मोकळ्या हवेत पसरून वाळवा.

काही बिघडलं तर

ओघळ आला किंवा पट्टा राहिला तर एकच उपाय: लॅकर पूर्ण कडक होऊ द्या, तो सबंध पत्रा, म्हणजे पूर्ण दार किंवा पूर्ण बॉनेट, ८०० च्या आसपासच्या कागदाने एकसारखा घासा आणि पुन्हा लॅकर मारा. घासताना बेस उघडा पडला तर आधी बेस. फक्त डागापुरतं काम मॅटमध्ये होत नाही, त्याची कड दिसत राहते. पुढे कधी पार्किंगमध्ये कुणी दाराला घासून गेलं तरी हाच नियम लागू होतो. म्हणून बेसचा शेड नंबर, लॅकरचं नाव, हार्डनर, प्रमाण, नोझल आणि त्या दिवशीचं हवामान एका कागदावर लिहून आरसीच्या पाकिटात ठेवा. पत्रा बदलायची वेळ आली तर पेंटर पहिली हीच माहिती विचारेल.

धुणं आणि सांभाळणं

पहिला आठवडाभर पाणी लावू नका, आणि लॅकर आतून पूर्ण घट्ट व्हायला महिनाभर लागतो असं धरून तेवढे दिवस कव्हर घालू नका. त्यानंतर दोन बादल्या, सौम्य शाम्पू, मायक्रोफायबरचा मोजा. ब्रश फिरणारं ऑटोमॅटिक वॉशिंग कायमचं बंद. वॅक्स, पॉलिश, रबिंग कंपाउंड, चमक आणणारे स्प्रे यांपैकी काहीच लावायचं नाही. सर्व्हिस सेंटरला गाडी देताना जॉब कार्डावर 'पॉलिश करू नये' असं ठळक लिहून घ्या. तिथला मुलगा चांगल्या मनाने पॉलिश मारून देतो आणि मॅट बॉनेटवर चमकदार वर्तुळं उमटतात.

सोसायटीत सकाळी गाड्या पुसणाऱ्यांनाही सांगा. कोरड्या, धुळकट फडक्याने रोज घासलेला मॅट काही महिन्यांत दारांच्या मधोमध चमकायला लागतो. पक्ष्यांची विष्ठा, उंबराची फळं, आंब्याचा चीक त्याच दिवशी ओल्या फडक्याने भिजवून उचला. वाळल्यावर खरवडू नका. पेट्रोल भरताना टाकीच्या झाकणाखाली एक मऊ फडकं धरायला पंपावरच्या माणसाला सांगा, आणि सांडलंच तर तिथल्या तिथे पाण्याने टिपून घ्या.